आस्तिकाची शपथ आणि नास्तिकाची प्रतिज्ञा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान दरवर्षी कोणा विद्वान गृहस्थास अथवा यशस्वी उद्योजकास मिळतो. यंदा तो आमच्यासारख्या निवृत्त शाळामास्तराच्या वाट्यास आला, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि खेडोपाडीच्या मुलांस शिकविण्यात हयात गेली. तेव्हा कायद्याचा कीस अथवा तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट आमच्याकडून व्हावयाचा नाही. आपल्याच घरात उपस्थित झालेला एक प्रश्न आपल्यापुढे सरळपणे मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

तो प्रश्न आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. गेल्या वर्षी शिष्यवृत्ती निधीच्या खजिनदारपदी एका तरुण सभासदाची एकमताने निवड झाली. आपल्या संस्थेच्या घटनेप्रमाणे नूतन पदाधिकाऱ्याने कुलदैवताच्या तसबिरीसमोर बेलभंडार उचलून शपथ घ्यावयाची असते. हे चिरंजीव उभे राहिले, तसबिरीस आदराने हार घातला आणि नम्रपणे म्हणाले, "काका, काम मी मनापासून करीन. एका पैशाचा हिशेब चुकू देणार नाही. परंतु देव आहे असे मी मानीत नाही. मानीत नसताना भंडारा उचलला, तर माझ्या कामाचा आरंभच खोट्याने होईल. मला माझ्या शब्दावर प्रतिज्ञा करू द्या."

मंडळात तत्काळ दोन तट पडले. आम्ही विरोध करणाऱ्यांत होतो, हे आज उघडपणे सांगावयास हवे. "ज्याला देव नाही, त्याची शपथ ती काय?" हे शब्द त्या दिवशी आमच्याच तोंडून निघाले. चिरंजीवांनी उलट उत्तर केले नाही. ते खाली बसले आणि प्रश्न तहकूब झाला. तो तहकूब राहिला तरी आमच्या मनातून गेला नाही. वर्षभर जे वाचले, आठवले आणि ताडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम शपथ म्हणजे काय, ते पाहू. शाळेच्या अंगणात शपथांचा बाजार नित्य भरलेला असतो. "आईशपथ", "देवाशपथ", "विद्येची शपथ", "गळ्याशपथ" अशा किती म्हणून सांगाव्यात! एकाने शपथ घातली की दुसरा कासावीस होऊन "सुटली म्हण, सुटली म्हण" असा धोशा लावतो आणि तो शब्द पदरात पडल्यावाचून त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. या मुलांस आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ न्याहाळले. आमच्या ध्यानी आले ते असे की, मूल आपल्याला जे सर्वांत प्रिय असेल तेच शपथेला लावते. आई गमावलेले एक पोर आमच्या वर्गात होते. ते कधीही "आईशपथ" म्हणत नसे; "आजीच्या गळ्याची शपथ" म्हणे. देवाचे नाव घेणारी मुले जितक्या वेळा खोटे बोलत, तितक्याच वेळा आईचे नाव घेणारीही बोलत. मात्र त्या पोराची आजीची शपथ आम्ही कधी खोटी पडलेली पाहिली नाही.

सावकाराकडे कर्ज काढताना दागिना गहाण ठेवावा लागतो. शपथ हेही एक गहाणखत आहे. आपल्या शब्दाला तारण म्हणून मनुष्य काहीतरी मोलाचे ठेवतो आणि म्हणतो, "मी खोटा ठरलो तर हे माझे गेले." आस्तिक देवाची कृपा तारण ठेवतो. ज्याच्यापाशी तो दागिना नाही, त्याच्यापाशी दुसरा कोणताच नसेल काय, हा आपला खरा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनी या तारणाचा विचार फार बारकाईने केला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारास शपथ कशी घालावी, ते सांगितले आहे. ब्राह्मणास सत्याची, क्षत्रियास वाहनाची व शस्त्रांची, वैश्यास गाईगुरांची, धान्याची व सोन्याची, आणि शूद्रास सर्व पातकांची. यातील विषमता आज कोणासही पटणार नाही आणि पटूही नये. एकाच्या शब्दावर विसंबावयाचे आणि दुसऱ्यास पातकाचे भय दाखवावयाचे, हा न्याय नव्हे. तथापि ज्याला जे मोलाचे वाटते, असे शास्त्रकारास वाटले, तेच त्याने त्याच्या शपथेला लावले, एवढे यातून दिसते. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. तेथे बेलभंडार होता आणि निकाल लागेनासा झाला की दिव्यही होते. कढत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा आणि हात भाजला नाही तर तो खरा ठरावयाचा. नुसत्या देवाच्या नावावर सर्वांचाच विश्वास असता, तर कढईखाली जाळ घालण्याचे कारण काय होते? देवाला साक्ष ठेवून खोटे बोलणारी माणसे त्या श्रद्धेच्या काळातही होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता दुसरी एक गोष्ट, जी वाचून आम्ही चपापलो. ज्याला देव नाही त्याची शपथ ती काय, हे आमचे वाक्य आमचे नव्हतेच. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने 1689 साली प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेवरील पत्रात हेच म्हणून ठेवले आहे: वचन, करार आणि शपथ ही मानवी समाजाची बंधने आहेत व नास्तिकावर त्यांची पकड राहू शकत नाही. पुढे हाच संशय कोणाकोणावर उलटला, ते पाहा. 1744 साली लंडनच्या न्यायालयापुढे ओमीचंद विरुद्ध बार्कर हा दावा चालला. कलकत्त्याच्या हिंदू साक्षीदारांनी आपल्या रिवाजाप्रमाणे, ब्राह्मणाच्या पायास हात लावून, जबान्या दिल्या होत्या. ते ख्रिस्ती नाहीत, बायबल मानीत नाहीत, तेव्हा त्यांची शपथ शपथच नव्हे, असा आक्षेप निघाला. लॉर्ड हार्डविक यांनी तो फेटाळला आणि त्या जबान्या ग्राह्य धरल्या. बंधूंनो, आम्ही त्या चिरंजीवांविषयी जे म्हणालो, तेच सातासमुद्रापलीकडे आपल्या लोकांविषयी म्हटले गेले होते. आपल्याहून निराळ्या श्रद्धेच्या माणसाचा शब्द हलका मानण्याची ही खोड जुनी आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना आपण उभे राहिलो आहोत.

शपथेऐवजी प्रतिज्ञा ही नास्तिकांनी काढलेली पळवाट आहे, असाही आमचा समज होता. तोही खोटा ठरला. इंग्लंडात क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. मुळीच शपथ वाहू नका, होय तर होय आणि नाही तर नाही म्हणा, असा उपदेश येशूने केल्याचे बायबलात आहे. क्वेकरांनी तो अक्षरशः पाळला. त्यापायी तुरुंगवास सोसला, परंतु शपथ घेतली नाही. शेवटी 1695 च्या कायद्याने त्यांस शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञेची मुभा मिळाली. आपल्या देशात 1840 साली असाच कायदा झाला. गंगाजलावर अथवा कुराणावर हात ठेवून शपथ घेण्याची सक्ती हिंदू व मुसलमान लोकांच्या मनाला बोचते आणि त्यामुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो, असे कारण त्याच्या आरंभीच नमूद आहे. ज्यांची देवावर निष्ठा उणी होती त्यांच्यासाठी नव्हे, तर ज्यांच्या मनात गंगामाईविषयी फार आदर होता त्यांच्यासाठी प्रतिज्ञेचे दार प्रथम उघडले. नास्तिक त्या दारातून मागाहून आला.

आणि तो सुखासुखी आला नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस परिचित होते. हे गृहस्थ उघड नास्तिक. 1880 साली नॉर्दॅम्प्टन येथून ते पार्लमेंटात निवडून आले आणि आपणांस प्रतिज्ञा करू द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. ती नाकारली गेली. मग आपण रूढ शपथ घेतो, असे ते म्हणाले. त्यातील देवाविषयीचे शब्द आपल्या लेखी पोकळ असले तरी तिचा आशय आपल्यावर बंधनकारक राहील, असेही त्यांनी स्पष्ट केले. तेव्हा, तुमचा देवावर विश्वास नाही म्हणून शपथही घेता यावयाची नाही, असे सांगण्यात आले. एक रात्र त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेत काढावी लागली. त्यांची जागा रिकामी ठरे आणि मतदार त्यांनाच पुन्हा निवडून देत. अखेर जानेवारी 1886 मध्ये त्यांना शपथ घेऊ दिली गेली आणि 1888 साली त्यांच्याच खटपटीने प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा संमत झाला. पुढल्याच वर्षी, डिसेंबर 1889 मध्ये, ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले. हिंदुस्थानची बाजू ते पार्लमेंटात इतक्या कळकळीने मांडीत की, तिकडे त्यांना हिंदुस्थानचा सभासद म्हणत. 1891 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीस जमलेल्यांत लंडनला शिकत असलेले तरुण मोहनदास गांधी होते. गांधीजींनी आत्मकथेत तशी नोंद केली आहे. रामनामावर जन्मभर निष्ठा ठेवणारा पुरुष नास्तिकाच्या अंत्ययात्रेस गेला, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते.

परंतु इतके दूर जावयास नको. आपल्या महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर होऊन गेले. देवाधर्माविषयीची त्यांची मते प्रसिद्ध आहेत. त्यापायी लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. एम. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण आपण पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून सर्व वेळ परहितार्थ घालविणार, असे त्यांनी आपल्या मातोश्रींना आधीच कळवून टाकले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य झाले. अल्प वेतन, दम्याचा विकार, जवळच्या मित्रांशी आलेला दुरावा, यांपैकी कशानेही त्यांचा शब्द ढळला नाही. 1895 साली फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच ते गेले, तेव्हा वयाची चाळिशीही झाली नव्हती. परलोकीचे फळ ज्याला अपेक्षित नाही, त्याने इहलोकीचे वचन असे पाळावे!

तसेच 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांस दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घ्या. त्यांत देवाची साक्ष नाही. उलट पूर्वीच्या देवतांचा त्याग आहे. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशी वचने आहेत. आमच्या नोकरीच्या गावी त्या प्रतिज्ञेखातर आजोबापासून नातवापर्यंत दारूला न शिवलेली घरे आम्ही डोळ्यांनी पाहिली. त्याच गावात देवळापुढे शपथ घेऊन आठवड्यात गुत्त्यावर दिसणारी माणसेही होती आणि त्यांत आपलेही काही होते. प्रतिज्ञा मोडणारे सर्वत्र असतात. पण देवाच्या साक्षीवाचून ती टिकतच नाही, हे म्हणणे मात्र टिकत नाही.

आपल्या राज्यघटनेने हा प्रश्न मोठ्या शहाणपणाने सोडविला. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, न्यायाधीश या सर्वांसाठी ईश्वरसाक्ष शपथ आणि गंभीर प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय एकाच वाक्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत. राष्ट्रपतींच्या शपथेतही तेच. घटनेच्या उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी सूचना हरि विष्णु कामत यांनी 17 ऑक्टोबर 1949 रोजी मांडली होती. ती 41 विरुद्ध 68 मतांनी नामंजूर झाली. विरोध करणाऱ्यांत कित्येक सश्रद्ध सभासद होते. श्रद्धेची सक्ती नको, इतकेच त्यांचे म्हणणे होते. कोर्टाचेही तसेच आहे. चित्रपटांत साक्षीदार गीतेवर हात ठेवताना दिसतो. परंतु 1969 च्या शपथ अधिनियमातील नमुन्यात कोणत्याही ग्रंथाचे नाव नाही. देवाच्या नावाने शपथ घ्या किंवा प्रतिज्ञा करा, बंधन एकच. खोटी साक्ष दिल्यास शिक्षाही एकच. पूर्वी भारतीय दंडसंहितेप्रमाणे आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेप्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावास. कायदा आस्तिकास सवलत देत नाही आणि नास्तिकास वाढीव शिक्षाही देत नाही.

आता ज्या प्रसंगाने आमचे मत खऱ्या अर्थाने बदलले, तो सांगतो. तो पुष्कळ वर्षांपूर्वीचा. आम्ही तो विसरून गेलो होतो, हेच आश्चर्य. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते. देव मानीत नसत. पण सत्यनारायणाच्या प्रसादास बोलाविले तर येऊन बसत आणि प्रसाद खात. त्यांच्या सख्ख्या भावाचा शेजाऱ्याशी बांधावरून दावा चालू होता आणि बांध सरकविला गेला, तो यांनी पाहिला होता. साक्षीचे समन्स आले. भावाने विनविले, आई रडली, वहिनीने बोलणे टाकले. आम्ही त्या दिवशी त्यांच्यासोबत तालुक्यास गेलो होतो. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा केली आणि जे पाहिले ते, भावाच्या विरुद्ध जाणारे, सांगितले. भावाच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, "मास्तर, तुम्ही देव मानीत नाही. मग खोटे बोलण्याची तुम्हांस भीती कसली?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साहेब, उद्या सकाळी शाळा आहे. परिपाठाला मला मुलांपुढे उभे राहावयाचे आहे."

कोर्टात कोणी काही बोलले नाही. परतताना एस. टी.त ते खिडकीबाहेर पाहत बसले होते आणि डोळे भरलेले होते. भाऊ पुढे कित्येक वर्षे त्यांच्या घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते नेहमीप्रमाणे मुलांपुढे उभे राहिले आणि प्रतिज्ञा सांगू लागले. ही शाळेतील प्रतिज्ञा 1962 साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली आणि पुढे ती देशभर गेली. आम्ही ती सेवाकाळात किती हजार वेळा म्हटली असेल! तीत देवाचे नाव कोठेही नाही. तरी एकाही पालकाने कधी येऊन विचारले नाही की, मास्तर, या प्रतिज्ञेला साक्षी कोण? साक्षी समोर उभी असलेली मुले होती, हे आम्हांस त्या चित्रकला शिक्षकांनी दाखविले होते. इतकी वर्षे ते आमच्या ध्यानात राहिले नाही, हा आमचा दोष.

म्हणजे त्यांच्यापाशी तारण होते. मुलांच्या नजरेतील आपली किंमत हा त्यांचा दागिना होता आणि तो जाऊ नये म्हणून त्यांनी भाऊ गमावला. असा दागिना ज्याच्यापाशी आहे, त्याच्या प्रतिज्ञेला पूर्ण अर्थ आहे; मग तो देव मानो वा न मानो. आणि ज्याला गमावण्यासारखे काहीच वाटत नाही, त्याच्या हातात बेलभंडार दिला काय किंवा गंगाजल दिले काय, सारखेच.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मुले दिवसा पाहतात. मध्यरात्री तिजोरीपाशी एकटा मनुष्य असतो, तेव्हा देव पाहतो. तुमच्या नास्तिकास तेथे कोण पाहणार?" हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आम्ही स्वतः श्रद्धावान आहोत. संकटाच्या आणि मोहाच्या वेळी देवघरातल्या समईने आम्हांस सावरले आहे. अशा भक्ताचे बळ आम्ही उणे लेखीत नाही. परंतु मध्यरात्री आपण स्वतःस तरी पाहतोच. स्वतःच्या नजरेतून उतरावयाचे नाही, हा धाक काही माणसांत देवाच्या धाकाइतका जबर असतो. शिवाय देवाची शपथ घेतलेल्या माणसालाही मध्यरात्री पाय घसरताना आपण पाहिले आहे. आपल्याच संस्थेत फार वर्षांपूर्वी एका निधीच्या हिशेबात खोट निघाली होती. वडील मंडळींस ते स्मरत असेल. तेव्हाही बेलभंडार रीतसर उचलला गेला होता. नाव घेण्याचे कारण नाही. त्या कुटुंबाने पैन्‌पै भरून दिली. म्हणून आस्तिक असो वा नास्तिक, शपथेबरोबर दरसाल हिशेबतपासनीसही हवा. तो नेमण्यात देवाचा अपमान नाही आणि माणसाचाही नाही.

एक गोष्ट मात्र आम्हांस आता निःसंशय वाटते. ज्याचा विश्वास नाही त्याच्याकडून सक्तीने देवाची शपथ घेवविणे, हे देवाच्या दृष्टीनेही गैर आहे. त्या क्षणी तो मनुष्य देवासमोर उभा राहून खोटे बोलतो आणि ते खोटे आपण त्याच्याकडून वदवून घेतो. गेल्या वर्षी ते चिरंजीव गुपचूप भंडारा उचलून मोकळे झाले असते, तर कोणास काही कळले नसते. त्यांनी तसे केले नाही. ज्या सत्यनिष्ठेसाठी आपण शपथ घेवविणार होतो, ती त्यांनी शपथेपूर्वीच दाखविली. आणि आम्ही, जन्मभर मुलांस सत्य बोला म्हणून शिकविणारे, त्यांस खाली बसविले. याबद्दल आम्ही या भरल्या सभेत त्यांची क्षमा मागतो.

म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या घटनेतील शपथेच्या कलमात केवळ काही शब्दांची भर घालावी: पदाधिकाऱ्याने कुलदैवतास स्मरून शपथ घ्यावी, अथवा ज्ञातिबांधवांसमक्ष गंभीरपणे प्रतिज्ञा करावी. बेलभंडार जेथे आहे तेथेच राहील. ज्यास उचलावयाचा तो उचलील आणि त्याच्या उचलण्यास तेव्हाच खरा अर्थ येईल, कारण न उचलण्याची मोकळीक असतानाही त्याने तो उचलला असेल. दोन्हींपैकी काहीही केले तरी ते सर्व कुटुंबांसमक्ष, मोठ्याने आणि मुलाबाळांच्या देखत व्हावे, एवढा आमचा आग्रह आहे. ज्या मुलांच्या फीसाठी तो निधी आहे, ती समोर बसलेली असावीत. खजिनदाराने शब्द द्यावयाचा तो त्यांना.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवली जाईल. आपण घरोघरी तिचा विचार करावा आणि पटेल तसे मत द्यावे. आमच्याहून थोर मंडळी निराळे सांगतील, त्यांचेही ऐकावे.